तुझी नात जायफळांच्या गावी

आई,

तुझी नात आता ज्या गावात राहते तिथं समुद्र घराच्या पायऱ्यांना लागून आहे. भरतीच्या वेळी स्वयंपाकघरातून भांडी विसळलेलं पाणी फेकलं तर ते थेट समुद्रात पडतं. तू हे ऐकलं असतंस तर हातातलं काम टाकून भिंतीला टेकली असतीस. मीही तसाच बसलो आहे. रविवारची दुपार आहे, दुबईत, देऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी घरघरतो आहे, तुझी सून शेजारणीबरोबर बाजारात गेली आहे, आणि मी जेवणाच्या टेबलावर तुला लिहायला घेतलं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही भीती सांगायला मला दुसरं माणूस सापडेना. आपल्या घरात भीतीतलं कळणारी तूच एक होतीस.

आपल्या घराचा मागचा दरवाजा समुद्राकडे उघडायचा. तो तू खिळे मारून बंद करून घेतला होतास. मामा मासे मारायला गेला आणि परत आला नाही तेव्हा मी पाळण्यात होतो. त्यामुळे मला मामा आठवत नाही, तो बंद दरवाजा आठवतो. चुलीचा धूर कोंडायचा, तुझे डोळे लाल व्हायचे, बाबा म्हणायचे, "अगं, निदान उन्हाळ्यात तरी उघड." तू उघडला नाहीस. निवडणं, वाटणं, भाकऱ्या थापणं, सगळं समुद्राकडे पाठ करून. एकदा शाळेतून येताना मी पोरांबरोबर गुडघाभर पाण्यात उतरलो होतो. पाय वाळवून, वाळू झटकून घरी आलो. तू मला जवळ ओढलंस. माझ्या पोटरीवरून बोट फिरवलंस आणि ते जिभेला लावलंस. मीठ लागलं असणार. मी मार खायची तयारी करून उभा. तू मारलं नाहीस, नुसती म्हणालीस, "तो तोंडासमोरून नाही घेत रे. पाठ वळली की घेतो." त्यानंतर कितीतरी दिवस मी शाळेतून येताना सारखा मागे वळून बघत होतो.

मी दुबईला निघालो तेव्हा बाबांनी पगार विचारला, काकांनी कंपनीचं नाव विचारलं. तू एवढंच विचारलंस, "तिकडे समुद्र आहे काय रे?" मी म्हटलं, "नाही गं. नुसतं वाळवंट." तुझा चेहरा उजळला तो मला अजून दिसतो. इथं आलो तर पहिली खोली देऱ्यात, खाडीपासून दोन गल्ल्या आत. धक्क्याला लाकडी गलबतं लागलेली, इराणला आणि आफ्रिकेला निघालेली, त्यांचा वास खोलीत यायचा. पुढे आपल्या वाडीतली आणखी पोरं इथं आली, सुट्टीवर गावी गेली, त्यांनी फोटो दाखवले. तुला कळलं नसेल असं कसं म्हणू? पण फोनवर तू दरवेळी विचारायचीस, "वाळवंट काय म्हणतं?" आणि मी म्हणायचो, "तापलंय." यापलीकडे आपण त्यावर कधी बोललो नाही.

तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी ऑफिसने मला इंडोनेशियाला पाठवलं. तेव्हाही मी आताच्याच मसाल्याच्या कंपनीत होतो. तिथून येणाऱ्या जायफळात बुरशी निघायला लागली होती आणि गिऱ्हाईकं माल परत करत होती. शेठ म्हणाले, "तू कोकण का आदमी, पेड-बिड समझता है. जाके देख, कैसे सुखाते हैं. यल्ला, निकल." जकार्ताहून विमानाने आंबोन नावाच्या शहरात, तिथून मोठ्या बोटीने बेटांवर, आणि शेवटी एका लहान होडीतून त्या गावाला. होडीत मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो. पाणी इतकं स्वच्छ की खाली तळ दिसायचा, आणि तो दिसत होता हेच मला सहन होत नव्हतं.

ते गाव तुला सांगतो, कारण तुझी नात आता तिथली आहे. एकच रस्ता, त्याच्या एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. पत्र्याच्या घुमटाची मशीद, एक शाळा, दोन दुकानं, गोड्या पाण्याची एक विहीर. प्रत्येक घरासमोर चटया, चटयांवर जायफळं वाळत घातलेली, आणि बाजूला जायपत्री, ताजी असताना इतकी लालभडक की रक्त सांडल्यासारखी दिसते. गावामागे लगेच चढ. चढावर जायफळाची बाग, आणि त्या बागेवर सावली धरणारी बदामाची प्रचंड झाडं, आपल्या गावच्या वडापेक्षाही उंच. लोक लांब बांबूच्या टोकाला लहानशी टोपली बांधून जायफळं काढतात. फळ पिवळं, पेरूएवढं, पिकलं की आपोआप चिरतं. वीज फक्त संध्याकाळी यायची. तांदूळ बाहेरून बोटीने येणार, बोट चुकली की सगळी जनता झाडाच्या खोडातून काढलेल्या पिठाची खळ खाणार, आपण पतंगाला लावतो तसली चिकट, वर माशाचं पिवळं आंबट कालवण. आजूबाजूला अशीच बेटं, कुणाची लवंग, कुणाचे मासे. फार पूर्वी या जायफळासाठी डचांनी इथली माणसं मारली, उरलेली पळून गेली, आणि बाग राखायला दुसरीकडून माणसं आणून ठेवली. आताचे गावकरी म्हणजे त्या आणलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं. आणि समोर, खाडीपलीकडे, समुद्रातून सरळ वर आलेला एक डोंगर. ज्वालामुखी. सकाळी लोक त्याच्याकडे तोंड करून दात घासायचे.

मी ज्या बाईंच्या घरी उतरलो त्यांना सगळं गाव इबू म्हणायचं, म्हणजे आई. मीही इबू म्हणू लागलो. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याजवळ चार वर्षांची नात होती, तिचे आईबाप आंबोनला कामाला. माझी मुलगीही तेव्हा चारचीच, त्यामुळे त्या पोरीवरून माझी नजर हलत नसे. बोलायला मध्ये एक तरुण व्यापारी असायचा. तो पूर्वी बोटीवर काम करायचा, मुंबईला जाऊन आलेला, थोडं हिंदी आणि थोडं इंग्लिश जोडून मला सगळं समजावून द्यायचा. त्यानेच शब्द सांगितले. भाषेला तिथं बहासा म्हणतात, नावाला नामा, नवऱ्याला सुआमी, बायकोला इस्त्री. मला गंमत वाटायची. धक्क्यावर एक फलक होता, लाल अक्षरांत, खाली डोंगरावर धावणाऱ्या माणसाचं चित्र. मी अक्षरं लावून वाचलं, बहाया. तो म्हणाला, "बहाया मतलब खतरा." मला अर्थ सांगायची गरज नव्हती. आपलं भय तिथं माझ्या आधी जाऊन पोचलं होतं.

त्या दिवशी सकाळी मी आणि इबू वाळवणीच्या खोपीत होतो. जायफळं कवचासकट बांबूच्या माचांवर पसरतात, खाली मंद धूर करतात. आत बी सुकलं की ते कवचापासून सुटतं आणि हलवलं तर खुळखुळतं. इबू एकेक जायफळ कानाशी हलवून मला दाखवत होत्या, हे झालं, हे नाही झालं. आणि मग सगळी जायफळं एकदम खुळखुळायला लागली. खालच्या माचावरची, वरच्या माचावरची, कोपऱ्यातल्या पोत्यांतली, हजारो, कुणी हात न लावता. आधी मी आवाजच ऐकला, जमीन हलते आहे हे मला नंतर कळलं. मी छपराकडे बघत होतो. इबू दाराबाहेर समुद्राकडे बघत होत्या. हलणं थांबल्यावरही त्या तशाच बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "नाईक." म्हणजे चढ. त्यांनी नात उचलून माझ्या हातात दिली आणि माझं मनगट धरलं.

कुणी ओरडत नव्हतं, आई. ते मला सर्वांत भयंकर वाटलं. बागेतून वर जाणारी जुनी दगडी वाट आहे, तिच्यावरून सगळं गाव एका रांगेत चढत होतं, म्हाताऱ्यांना धरून, कोंबड्या बगलेत मारून. व्यापारी आमच्या मागेच होता. मधल्या वळणावर तो थांबला, त्याची होडी धक्क्याला बांधलेली होती. "खोल के आता हूँ, दो मिनट," असं म्हणून तो खाली वळला. इबूंनी त्याला हाक मारली, एकदाच. मी वरून बघितलं तेव्हा समुद्र मागे जात होता. ज्या तळाची मला होडीत भीती वाटली होती तो उघडा पडला होता, होड्या कलंडल्या होत्या, ओल्या दगडांवर काहीतरी चमकत होतं. मग पाणी परत आलं. मी समजत होतो तशी भिंत-बिंत नव्हती. दूध उतू जातं तसं आलं, फुगत, न थांबता, धक्क्यावरून, रस्त्यावरून, चटयांवरून, पहिल्या ओळीच्या घरांत शिरलं आणि आतलं सामान घेऊन निघालं. तीनदा आलं. पोरीने माझी कॉलर इतकी घट्ट पिळली होती की श्वास अडकत होता. मी समुद्राकडे पाठ केली नाही. तुझं ऐकलं.

आम्ही दोन दिवस वर राहिलो. व्यापारी सापडला नाही. त्याची होडी नंतर पलीकडच्या बेटावर मिळाली, दोर कापलेला. म्हणजे तो तिच्यापर्यंत पोचला होता.

परत आलो तर विमानतळावर तुझी सून म्हणाली, "अहो, किती वाळलात." मी म्हटलं, "बोट लेट झाली, जेवणाचे हाल झाले." शेठना अहवाल दिला, खोपीत धूर कमी पडतो, हवा खेळत नाही. खलास. आणि घरी मुलीला झोपवताना मी त्या गावाच्या गोष्टी सांगायला लागलो. लाल जायपत्री, टोपलीचे बांबू, पतंगाच्या खळीसारखं जेवण, आपल्यासारखे शब्द. तिला त्या फार आवडायच्या. ती इंग्लिश शाळेतली, माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलायची, पण "मोअर, बाबा" म्हणून ऐकायची मात्र मराठीत. मी दरवेळी समुद्र सोडून बाकी सगळं सांगायचो. समुद्र नसलेलं बेट मी तिला दाखवत राहिलो.

पण मी काही सुटलो नव्हतो. मध्ये एकदा इराणकडे भूकंप झाला आणि इथल्या इमारती जरा डोलल्या. सगळे जिने उतरून फुटपाथवर आले. कुणी चहा मागवत होतं, कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. मी अनवाणी उतरलो होतो आणि दुसऱ्या दिशेला, खाडीपासून लांब, चालत सुटलो होतो. तुझ्या सुनेने दोन सिग्नलपलीकडे मला गाठलं. म्हणाली, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "वर." देऱ्यात वर कुठं आहे, आई? सगळा सपाट मुलूख. ती मला हात धरून घरी घेऊन आली. 

तुझी नात समुद्रातल्या प्रवाळांचं शिकली. मी ऐकून म्हटलं, ठीक आहे, इथला समुद्र शांत आहे. नोकरी अबू धाबीला लागली, अल रीम आयलंडवर दोन मैत्रिणींबरोबर राहायची, शनिवारी जेवायला यायची. अशाच एका शनिवारी आमटी वाढून घेताना म्हणाली, "बाबा, आय गॉट अ प्रोजेक्ट. दोन वर्षं. इंडोनेशिया." मी म्हटलं, "इंडोनेशियात कुठं?" ती हसली. "गेस. युअर व्हिलेज." तिथलं मेलेलं प्रवाळ पुन्हा वाढवायचं काम आहे. ती गावाचं नाव बरोबर उच्चारत होती, मीच तिला शिकवलेलं.  तुझी सून आनंदून गेली, मेतकूट किती दिवस टिकेल, गोडा मसाला किती द्यावा, याची चर्चा सुरू झाली. मला फक्त तो खुळखुळाट ऐकू येत होता.

पुढचे काही आठवडे मी बरंच काही करून बघितलं. तिथं डॉक्टर नाही म्हटलं. मलेरिया म्हटलं. लग्नाचं म्हटलं. ती सगळ्याला "बाबा, रिलॅक्स" म्हणायची. शेवटी एका शनिवारी मी तिला आमच्या गोडाउनला बोलावलं. लहानपणापासून तिला तो वास आवडतो. आम्ही पोत्यांवर बसलो आणि मी सांगायला सुरुवात केली.  खोप, इबू, दगडी वाट, उघडा तळ, पाणी, तो व्यापारी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो, कारण तिचा चेहरा घाबरलेला दिसला असता तर मला वाईट वाटलं असतं, आणि दिसला नसता तर जास्त.

माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आय नो, बाबा."

"काय माहीत आहे?"

"इबूची ग्रँडडॉटर आता तिथं स्कूलमध्ये टीचर आहे. मी तिच्याच घरी राहणार आहे. पहिल्याच कॉलवर तिनं सांगितलं." मग ती शब्द शोधत, सावकाश मराठीत बोलायला लागली. "म्हणाली, एका इंडियन माणसानं मला उचलून वर नेलं. आणि तो वाटभर रडत होता."

"मी रडत नव्हतो."

"ती म्हणाली, मोठमोठ्यानं. इबू रोज सांगायच्या तिला. तो माणूस खूप भित्रा होता, पण त्यानं तुला खाली नाही ठेवलं, असं."

इबू आता नाहीत, हेही तिच्याकडूनच कळलं. माझ्या आठवणीत मी गप्प चढलो होतो, आई. सगळे गप्प होते असं मी वर लिहिलं आहे, ते खोडत नाही. बहुधा त्या रांगेत ओरडणारा मी एकटाच असेन.

मी विचारलं, "मग मला का नाही विचारलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

"आणि तरी जाणार?"

 ती पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिली. "मला पण भीती वाटते. बट इट्स अ प्लेस, बाबा. तिथं माणसं राहतात. रोज." मग म्हणाली, "वर जायची वाट कुठून सुरू होते ते सांग ना मला नीट." मी तिला सांगितलं. मशिदीच्या मागून, विहिरीला वळसा घालून, पहिल्या मोठ्या बदामाच्या झाडापाशी. तिने दोनदा म्हणून दाखवलं.

ती तिकडे गेली त्याला आता काही महिने झाले. मी फोनवर भूकंपाचं एक ॲप घेतलं आहे. त्या भागात जमीन सारखी हलते, त्यामुळे ते वेळी-अवेळी वाजतं. तुझी सून म्हणते, "अहो, निदान आवाज तरी बंद करा." मी बंद करत नाही. व्हिडिओ कॉलवर मुलगी समुद्राकडे पाठ करून बसते, मागे ते निळं पाणी चमकत असतं, आणि मी तिच्याकडे न बघता तिच्या खांद्यावरून मागचंच बघत राहतो. ती म्हणते, "बाबा, लुक ॲट मी."

गेल्या मंगळवारी ॲप वाजलं आणि या वेळी आकडा मोठा होता. मी ऑफिसात होतो. मुलीला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. शेजारच्या टेबलवरचा माणूस म्हणाला, "हबीबी, बैठ जा, सब ठीक होगा, इन्शाल्ला." मी बसलो नाही. खिडकीतून खाडी दिसत होती, गलबतांवर फ्रीज आणि टायर चढवत होते, पाणी जागच्या जागी होतं. मी त्या पाण्यावर नजर ठेवून उभा राहिलो, जणू माझी नजर हटली तर तिकडचं पाणी उठेल. तू दरवाजा बंद करून जे करत होतीस तेच मी खिडकीत उभा राहून करत होतो.

दुपार उलटल्यावर तिचा फोन आला. वाऱ्याचा आवाज, मागे खूप माणसं. "बाबा, मी वर आहे. सगळे आहोत. पाणी धक्क्यावरून गेलं, घरात नाही शिरलं, आता उतरतंय." तिला दम लागला होता. "मी खूप घाबरले, बाबा. माझे पाय चालतच नव्हते. एक आजी माझा हात धरून वर घेऊन आली." मग जरा थांबून म्हणाली, "तुला सांगू की नको, विचार करत होते. मग म्हटलं, सांगायचंच."

मी म्हटलं, "बरं केलंस. असंच सगळं सांगत जा." आवाज शक्य तितका सरळ ठेवला. फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसलो. घरी येऊन तुझ्या सुनेला सांगितलं, आणि मग त्या जुन्या प्रवासाचंही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी." आम्ही दोघं त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपलो.

तुझी सून येईल आता. हे कागद पोस्टात टाकायचे नाहीतच, टेबलाच्या खणात राहतील. तुला एवढंच सांगायचं होतं. मुलीला म्हटलं खरं, सगळं सांगत जा. पण त्या दिवशी तिने फोनवर नुसतं म्हटलं असतं, "सगळं छान आहे, आज मासे आणले," तर तू माझं वाळवंट मानलंस तसं मीही निमूटपणे खरं मानलं असतं, आई. आणि मला तेच हवं होतं.